वाचकांचे प्रश्न : ‘फोर्ट स्टिकिन’ आणि गोदीतला स्फोट

प्रश्न : 1944 च्या मुंबई गोदी स्फोटातलं ‘फोर्ट स्टिकिन’ हे लिबर्टी जहाज होतं का?

उत्तर : नव्हतं, पण घराणं एकच. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या सुंदरलंडचा. त्यावरून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं काढली आणि कॅनडाने फोर्ट नावाची. ‘फोर्ट स्टिकिन’ 1942 मध्ये कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलं. ट्रिपल एक्स्पान्शन (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) वाफेचं इंजिन, 2,500 अश्वशक्ती, 11 नॉट (ताशी साधारण 20 किमी) वेग, हे दोन्हींत सारखंच. मात्र लिबर्टीचे पत्रे वेल्डिंगने जोडलेले आणि बॉयलर तेलावरचे, तर फोर्टच्या या प्रकारात पत्रे रिव्हेटने (ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी) जोडलेले आणि बॉयलर कोळशावरचे. फोटोत ओळखायचं तर जहाजाचा मधला भाग बघा. लिबर्टीचा ब्रिज (जहाज हाकायची जागा) आणि धुराडं एकाच ठोकळ्यात असतात. फोर्टमध्ये त्या दोहोंमध्ये तिसऱ्या होल्डचं, म्हणजे माल भरायच्या कप्प्याचं, तोंड येतं.

प्रश्न : आग दोनच्या सुमारास कळली, स्फोट चारनंतर झाला. तेवढ्या वेळात ती विझली कशी नाही?

उत्तर : पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, 900 टनांहून जास्त ओतलं होतं. घोळ माल रचण्यात होता. 24 फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघताना जहाजावर 1,395 टन दारूगोळा होता, त्यातला 238 टन अतिसंवेदनशील. पुढे कराचीत रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) 8,700 गाठी चढवल्या. दुसऱ्या नंबरच्या होल्डमध्ये तळाला रुई, आणि बरोबर तिच्या डोक्यावर, मधल्या डेकवर, स्फोटकं! युद्धकाळात जागेची ओढाताण असते हे मान्य, तरी ही रचना कुठल्याही हिशेबात बसत नाही.

दाबून बांधलेल्या गाठीत हवा अडकलेली असते. ती आतल्या आत धुमसते. बाहेर ज्वाळा नाही, नुसता धूर. पाणी वरवरचा थर भिजवून खाली ओघळतं. शिवाय कोरडी गाठ पाण्यावर तरंगते. त्यामुळे होल्डमधलं पाणी चढू लागलं तसतशा जळत्या गाठीही वर सरकत स्फोटकांच्या जवळ गेल्या. म्हणजे बंबाचं पाणीच आगीला वर नेत होतं. धुरामुळे आगीचं मूळ सापडेना. शेवटी बाहेरून पत्रा तापून लाल झालेला दिसला, तिथे गॅस कटरने भोक पाडायचं ठरलं, तर कटर चालेना. जहाज जागीच बुडवावं तर गोदीत पाणी उथळ. त्यात, स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही नव्हता. 3.50 ला जहाज सोडण्याचा हुकूम निघाला, 4.06 ला पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही या स्फोटांची नोंद झाली.

प्रश्न : जहाजात सोनं होतं म्हणतात, ते खरं का?

उत्तर : हो, विटा होत्या, प्रत्येकी साधारण साडेबारा किलोच्या. एक तर दूरवरच्या एका घराच्या व्हरांड्यात जाऊन पडली. काही गोदीतला गाळ उपसताना पुढे कित्येक वर्षांनी हाती लागल्या.