फुकट सर्व्हिसचं बिल कशाचं?

नवी मोटरसायकल घेतलेल्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न इथे थोडे आटोपशीर करून घेतले आहेत. उत्तरांतले आकडे नेहमीच्या मर्यादेचे आहेत. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो, आणि दोन्हींत फरक पडला तर पुस्तिकेचंच ऐकायचं.

प्रश्न : पहिली सर्व्हिस फुकट म्हणून गाडी टाकली, आणि संध्याकाळी चांगलं लांबलचक बिल हातात आलं. ऑइल, फिल्टर, ‘कन्झ्युमेबल्स’, पॉलिश, इंजिन फ्लश, आणखी काय काय. यातलं रास्त किती?

फुकट असते ती मजुरी. ओतलेलं ऑइल आणि बदललेले सुटे भाग यांचे पैसे बहुतेक ठिकाणी गाडीमालकालाच द्यावे लागतात. पण पहिल्या सर्व्हिसला अशा ओळी मोजक्याच असायला हव्यात : इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, फिल्टरच्या झाकणाची रबरी ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टखालचा (जुनं ऑइल काढायच्या बोल्टखालचा) वायसर. चेनला स्प्रे मारला असेल तर त्याची किरकोळ रक्कम. बिलात फिल्टर नसेल तर लगेच संशय घेऊ नका. बऱ्याच लहान इंजिनांत बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. तिथे तारेची जाळी असते, ती काढून धुतात आणि परत बसवतात.

ऑइलची ओळ मात्र नीट वाचा. इंजिनात बसतं ९०० मिली आणि बिल लागतं एक लिटरचं, असं बऱ्याचदा होतं. सीलबंद डबा फोडला असेल तर ते बरोबर आहे, फक्त उरलेलं १०० मिली तुमचं. मागून घ्या, पुढे पातळी थोडी उतरली की तेच कामाला येतं. ऑइल पिंपातून काढून ओतलं असेल, तर जेवढं ओतलं तेवढ्याचंच बिल हवं.

‘कन्झ्युमेबल्स’ म्हणजे पुसायची फडकी, ग्रीस, क्लीनर. रक्कम मोठी दिसली तर त्यात काय काय धरलंय ते विचारा. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, इंजेक्टर क्लीनिंग आणि ऑइलमध्ये घालायचं अॅडिटिव्ह यांना सरळ नाही म्हणा. सातशे किलोमीटर चाललेल्या इंजिनात काढण्याजोगा कार्बन साचलेलाच नसतो. घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह तर क्लच प्लेटांना बाधू शकतं. पॉलिश आणि कोटिंग ही रंगाची हौस आहे, तिचा सर्व्हिसशी संबंध नाही.

खरी किंमत आहे ती बिलात शून्य लिहिलेल्या मजुरीला. नव्या गाडीचे सगळे भाग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ‘बसतात’ : केबल ताणते, चेन ढिली होते, ब्रेक शू ड्रमला घासून जागा करतात, सायलेन्सरचे आणि इंजिनच्या माउंटिंगचे नट तापून-थंड होऊन सैलावतात, तारांच्या चाकाच्या तारा ढिल्या पडतात. हे सगळं मोजून परत जागेवर आणणं हे पहिल्या सर्व्हिसचं काम. गाडी धुऊन-पुसून वीस मिनिटांत परत मिळाली, तर ऑइल बदललं एवढंच झालं असं समजा. म्हणून पैसे देण्याआधी जॉबकार्ड (केलेल्या कामांची नोंद असलेला कागद) मागा आणि कोणती सेटिंग केली ते विचारा.

सगळ्यात जास्त विसरला जातो तो हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. त्याची परीक्षा सोपी आहे. पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं ठेवा, दोन्ही फोर्क खालून धरून मागे-पुढे हलवा. ‘टक’ असा खेळ लागला तर कोनसेट ढिला. मग हँडल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवा. मधे कुठे अडकल्यासारखं वाटलं, तर जास्त आवळला गेलाय किंवा बेअरिंगच्या वाटीत खड्डा पडलाय. ढिला कोनसेट तसाच चालवला तर प्रत्येक खड्ड्याला छर्रे वाटीवर आपटतात, आणि नुसत्या आवळण्यावर भागलं असतं तिथे अख्खा सेट बदलावा लागतो.

प्रश्न : दीड महिना झाला, पण गाडी जेमतेम २८० किलोमीटर चालली आहे. ५०० पूर्ण होईपर्यंत थांबू का?

नाही. किलोमीटर आणि दिवस, यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. पहिल्या सर्व्हिसची मर्यादा बहुधा ५०० ते १,००० किमी किंवा एक-दोन महिने अशी असते, आणि ती चुकली तर वॉरंटीत खोट काढायला जागा मिळते. शिवाय कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल कमी खराब होतं असं नाही. पाच-सात मिनिटांच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत धरलेली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. किलोमीटर भरायचे म्हणून उगाच गाडी दामटू नका.

प्रश्न : नवी गाडी ताशी ४० च्या वर न्यायचीच नाही, असं सगळे सांगतात. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. इंजिनाला चाकाचा वेग कळत नाही. त्याला कळतात ते त्याचे फेरे आणि त्याच्यावरचा भार. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम बारीक आडव्या-तिडव्या रेघा काढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून स्वतःला बसवून घेतात, आणि त्यासाठी रिंगांवर कमी-जास्त होणारा दाब लागतो. तासभर एकाच वेगाने सावकाश गेलात तर हे काम नीट होत नाही. वेग बदलत ठेवा. पहिले ५०० किमी थ्रॉटल (वेगाची मूठ) निम्म्याच्या पुढे नको, पुढचे ५०० पाऊण. मधूनमधून थोडं पिळायचं आणि सोडून द्यायचं.

चाळिसाच्या सल्ल्याचा तोटा असा की लोक चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ताशी ३० ने चढ चढवतात. इंजिन धडधडतं, अंग झटकतं, तरी गिअर उतरवत नाहीत. कमी फेऱ्यांवर जास्त भार हा जास्त फेऱ्यांइतकाच वाईट. उभ्या गाडीचं इंजिन दहा-दहा मिनिटं चालू ठेवून ‘गरम करणं’ही बंद करा. अर्धा-एक मिनिट पुरे, मग हळू निघा. आणि हो, नवे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडे असतात. वळणावर गाडी फार कलवू नका.

प्रश्न : पहिल्या सर्व्हिसलाच सिंथेटिक ऑइल घालावं का? आणि कारचं चांगलं ऑइल घरात पडून आहे, ते चालेल?

आधी दुसऱ्याचं उत्तर : चालणार नाही. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल असतं आणि क्लच प्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात. ते प्लेटांवर बसले की क्लच घसरायला लागतो : इंजिनचा आवाज चढतो, गाडी पुढे सरकत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं ऑइलच घ्या. ‘एमबी’ हे ज्या स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो तिच्यासाठी.

त्यानंतर पाहायचा ग्रेड. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० यांत पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० असताना ‘दाट ऑइल म्हणजे इंजिन मऊ चालतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालणं ही जुनी खोड आहे. थंड इंजिनात दाट ऑइल वरच्या कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागापर्यंत) पोचायला वेळ लावतं आणि झीज तेवढ्याच वेळात होते. मिनरल की सिंथेटिक हा वाद ग्रेडच्या नंतरचा. काही गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक घेऊन निघतात. पुस्तिकेने मिनरल सांगितलं असेल तर निदान पहिल्या दोन बदलांपर्यंत तेच ठेवा, पुढे त्याच ग्रेडचं सिंथेटिक घालायला हरकत नाही.

ऑइल किती घालायचं याचे आकडे पुस्तिकेत दोन-तीन दिलेले असतात. सर्वांत मोठा असतो तो इंजिन पूर्ण खोलल्यानंतरचा, आणि घोटाळा त्यानेच होतो. नुसतं ऑइल बदलताना सगळं जुनं ऑइल गळत नाही, थोडं आत राहतंच. मोठा आकडा धरून ओतलं की पातळी वर जाते, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं. फिल्टर ऑइलने ओला सापडला तर आधी पातळी पाहा.

पातळी पाहायची ती गाडी सपाट जागी सरळ उभी करून. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक (पातळी पाहायची कांडी) पुसून परत घालताना काही गाड्यांत ती आटे फिरवून बसवायची असते, काहींत नुसती टेकवायची. चुकीच्या पद्धतीने पाहिलं तर ऑइल कमी-जास्त दिसणारच.

पहिल्यांदा काढलेलं ऑइल चांदीचा रंग कालवल्यासारखं चमकतं. ती भाग बसताना निघालेली धातूची भुकटी असते, घाबरू नका. बोटाला टोचेल असा कपचा मात्र सापडला तर तिथेच दाखवून जॉबकार्डवर नोंद करून घ्या.

प्रश्न : सर्व्हिसनंतर इंजिनच्या डोक्यातून बारीक ‘टिक-टिक’ येते आणि न्यूट्रल लागायला त्रास होतो. काम बिघडवलं का?

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. टिक-टिक टॅपेटची असावी. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसाएवढी फट ठेवावीच लागते, कारण व्हॉल्व्ह तापला की लांब होतो. लहान इंजिनांत ती इनलेटला ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास आणि एक्झॉस्टला बहुधा तेवढीच किंवा थोडी जास्त असते. इंजिन थंड असताना फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्टीने) मोजायची असते. गाडी सर्व्हिस सेंटरवर चालवत नेली आणि पोचताच टॅपेट लावले (ही फट जुळवली), तर ते माप भरवशाचं नाही. आदल्या रात्री गाडी सोडा किंवा दोन-तीन तास थंड होऊ द्या.

थोडा आवाज चालेल, पण अगदी शांत इंजिन करून मागू नका. फट नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. तो आवाज करत नाही, म्हणूनच उशिरा कळतो.

न्यूट्रलचा त्रास बहुधा क्लच केबलचा. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. त्याहून जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही, गिअर कडकड वाजतो. हालचाल अजिबात नसेल तर उलट होतं : क्लच सतत किंचित दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. लिव्हरजवळचा अॅडजस्टर हाताने फिरतो, एवढं तुम्हीही करू शकता.

प्रश्न : चेनला दर किती दिवसांनी काय करायचं? मेकॅनिक जळकं ऑइल लावतो.

जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली झीज मिसळलेली असते, म्हणजे चेनला सँडपेपरची पेस्ट लावल्यासारखं. ते बंद. दर ५०० किमीला आणि भिजल्यावर प्रत्येक वेळी चेन पुसून ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे लावायचा. खूप मळली असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश. चेनमध्ये रबरी ओ-रिंगा असतील तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश अजिबात नको, रिंगा गेल्या की आतलं ग्रीस गेलं. लावायचं ते खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, पट्ट्यांच्या फटीत. गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असताना. नंतर जास्तीचं पुसून काढा आणि शक्यतो रात्रभर सोडा. चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं स्प्रॉकेटमध्ये गेली आहेत.

ताण मोजायचा दोन स्प्रॉकेटच्या मधोमध, खालच्या पदरावर. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत २० ते ३५ मिमीची वरखाली हालचाल चालते. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांत ती जास्त असते. चाक फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथे सर्वांत घट्ट असेल तिथे माप लावायचं. ढिल्या जागी लावलं तर घट्ट जागा तारेसारखी ताणते. मग माणूस बसून सस्पेन्शन दबलं की सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. थोडी ढिली चेन परवडली, पण घट्ट नको.

अॅक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवा, स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा जुळवा, नट आवळा. कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली वाकवलेली पिन) असेल तर नवी घाला. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक मागे सरकल्याने ब्रेकही आवळला जातो, तो आणि ब्रेकचा दिवा पुन्हा तपासा. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागे ओढून पाहा. अर्धा दात उघडा दिसला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

प्रश्न : बाकीचं काय, कधी बदलायचं?

ऑइल पुढे ३,००० ते ६,००० किमीला, काही मोठ्या इंजिनांत १०,०००, आणि चाललं नाही तरी वर्षातून एकदा. प्लग साधारण ८,००० ते १२,००० किमीला. नवा प्लग आधी बोटांनी पूर्ण बसेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने सुमारे अर्धा फेरा. पहिल्यापासून पाना लावला तर वाकडे आटे पडतात आणि हेडचं काम निघतं.

एअर फिल्टर कोणता आहे ते आधी बघा. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून (पीळ न घालता दाबून), फिल्टर ऑइल लावून बसवतात. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हवा मारतात. ऑइल लावलेल्या चिकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारायचीच नाही, तो साफ होत नाही, ठरल्या किलोमीटरला बदलायचा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी शोषतं : डॉट ४ ताजं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते आणि लिव्हर पोकळ लागतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

प्रश्न : ऑइल घरीच बदललं तर?

वॉरंटीतल्या ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा, नोंदी आणि बिलं जपून ठेवा. पुढे घरी करायचं तर बिघडतं ते बहुतेक ड्रेन बोल्टपाशी. अॅल्युमिनियमच्या चेंबरमध्ये लोखंडी बोल्ट. गळतो म्हणून आणखी आवळतात, आणि आटे निघून येतात. बोल्ट गळत असेल तर कारण बहुधा जुना चपटा झालेला वायसर. दर वेळी नवा घाला, आखूड पाना वापरा, आणि पुस्तिकेतला टॉर्कचा (आवळायच्या जोराचा) आकडा पाळा. लहान गाड्यांत तो साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर असतो. आटे गेलेच तर कॉइल इन्सर्ट (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेता येतं, चेंबर बदलायची घाई करू नका.