प्रश्न तुमचे: "गोळी घेतलीस का?"

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. निदान होऊन ६ वर्षं झाली, गोळ्या नियमित आहेत, गेली ३ वर्षं तब्येत स्टेबल आहे आणि नोकरीही टिकलीये. पण नातेवाईक त्याच्याशी अजून जपून जपून बोलतात, लहान मुलांना त्याच्याजवळ सोडत नाहीत, कुठल्या कार्यक्रमाला बोलावायचं तर "त्याला झेपेल ना गं?" असं मलाच विचारतात. हा डायबेटीससारखाच एक आजार आहे, मेंदूचा, हे सांगून सांगून मी थकले. अजून कसं समजावू? – एक मोठी बहीण

उत्तर: ताई, तुम्ही सांगताय ते चूक नाही, पण त्याने अर्धंच काम होतं. यावर बराच अभ्यास झालाय आणि त्यातून निघालेलं उत्तर जरा विचित्र आहे. "मेंदूतल्या केमिकलचा प्रश्न आहे" असं सांगितलं की लोक त्या माणसाला दोष देणं कमी करतात हे खरं, पण त्याच्यापासून लांब राहणं काही कमी होत नाही, उलट "मेंदूतच बिघाड आहे म्हणजे हा काय बरा होणार" असं वाटायला लागतं. म्हणजे तुमचे नातेवाईक तुमचं ऐकतायत, पटतंयही बहुतेक, तरी मुलांना बाजूला घेतायत.

मग कशाने फरक पडतो? २०२२ साली लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने जगभरातले पुरावे तपासून, मानसिक आजार असलेल्यांना मिळणारी वेगळी वागणूक कशी थांबेल याच विषयावर मोठा रिपोर्ट काढला, त्यात सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणून प्रत्यक्ष सहवास सांगितलाय, म्हणजे आजारातून गेलेल्या माणसाला भेटणं, त्याच्या तोंडून ऐकणं, त्याच्यासोबत काहीतरी करणं. त्यातही बरोबरीच्या नात्याने भेटणं महत्त्वाचं. तुमच्या नातेवाइकांनी बहुतेक ६ वर्षांपूर्वीचा भाऊ पाहिलाय, रात्र रात्र जागणारा, भलतेच संशय घेणारा, किंवा पाहिलाही नसेल, नुसतं ऐकलं असेल, आणि तेच चित्र डोक्यात बसलंय. नोकरी करणारा, वेळेवर घरी येणारा हा माणूस त्यांना नीट भेटलेलाच नाही. तेव्हा २५ जणांच्या गोतावळ्यात एकदम नेऊ नका, ज्यांच्याशी त्याचं आधी पटायचं अशा दोघा-तिघांना घरी बोलवा. आणि पुढच्या कार्यक्रमात त्याला एका कोपऱ्यात "आराम कर हं" म्हणून बसवण्यापेक्षा एखादं खरं काम द्या, हिशोब, गाड्यांचं बुकिंग, जे त्याला जमतं ते. काम नीट झालं की दहा जण त्याच्याशी कामापुरतं का होईना बोलतात, आजाराचा विषयही निघत नाही.

मुलांच्या बाबतीत: "असे लोक कधीच हिंसक होत नाहीत" असं ठोकून सांगू नका, कुणी एखादं उदाहरण काढलं की तुमचं सगळंच खोटं ठरतं. खरं आहे ते सांगा. बहुतेक जण कधीच हिंसक नसतात. उपचार नसणं आणि दारू-नशा असणं याने धोका वाढतो, आणि हे लोक दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतःच मार खाण्याची, फसवले जाण्याची शक्यता जास्त असते.

आता एक तुम्हाला विचारतो, रागावू नका. तुम्ही "सगळ्यांना सांगून थकले" म्हणताय, पण त्याला विचारलं होतं का, कुणाला सांगायचं ते? आजार त्याचा आहे. आणि घरात तो कशावरून चिडला, म्हणजे कुणीही चिडेल अशा गोष्टीवरून, टीव्हीचा आवाज, न सांगता उचललेला चार्जर, तर कुणी पटकन "आज गोळी घेतलीस का?" म्हणतं का? बहुतेक घरांत म्हणतात. काळजीनेच, पण समोरच्याला कळतं की आता आपल्याला साधा रागसुद्धा यायची परवानगी नाही. गोळ्यांची वेळ एकदा ठरवून घ्या आणि भांडणात तो विषय काढू नका. याचीच दुसरी बाजू, तो छातीत दुखतंय म्हणाला तर "टेन्शन घेतलं असशील" म्हणून सोडू नका. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सरासरी १० ते २० वर्षं लवकर जातात, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासत राहा.

प्रश्न: मला बायपोलर आहे, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार, आणि त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. हात थरथरतात, मीटिंगमध्ये कप उचलला की सगळे बघतात. ऑफिसात खरं सांगून टाकू का?

उत्तर: सगळ्यांना सांगायची काही गरज नाही आणि लपवताय म्हणून अपराधी वाटून घ्यायचीही नाही. सुट्टी, शिफ्ट असं काही हवं असेल तर ज्याच्या हातात ते आहे त्याला सांगा, आणि एक असा सहकारी ज्याच्या पोटात गोष्ट राहते. बाकीच्यांना "औषधाने थरथरतात" एवढं पुरे, ते खोटंही नाही. मात्र ही थरथर डॉक्टरांच्या कानावर घाला, डोस बदलून पुष्कळदा कमी होते, मनाने गोळी कमी करू नका. थरथर एकदम वाढली, सोबत उलट्या, जुलाब किंवा चालताना तोल जाणं असेल तर ऑफिस-बिफिस सोडा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्तातली लिथियमची लेव्हल तपासून घ्या.

प्रश्न: मैत्रीण मानसोपचार वॉर्डात ॲडमिट आहे. भेटायला गेलं तर तिला लाजल्यासारखं होईल का?

उत्तर: तिला किंवा घरच्यांना मेसेज करून विचारा, "येऊ का?" हो म्हणाली तर नक्की जा. पाय मोडला असता तर गेलाच असता ना, आणि या वॉर्डात तसंही फार कुणी भेटायला येत नाही. "असं कसं झालं?" नको, "पॉझिटिव्ह विचार कर" तर अजिबातच नको. नेहमीच्या गप्पा मारा, ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. काही न्यायचं असेल तर आधी नर्सला विचारून घ्या, चार्जरची वायर, काचेच्या वस्तू बऱ्याच वॉर्डांत चालत नाहीत.