लघवी तपासली का?

किडनीच्या जुन्या आजाराविषयी फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून नेहमीचे काही इथे एकत्र घेतले आहेत.

आईचे वय ६२, बरीच वर्षे शुगर आहे. क्रिएटिनिन १.२ आले, रिपोर्टवर कुठे खूण नाही. किडनी ठीक ना? (अशोक चौक)

एवढ्यावरून ठीक म्हणता येत नाही. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ. पंचविशीतल्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.२ असेल तर गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ८५ च्या आसपास निघते. तोच आकडा तुमच्या आईंच्या वयाच्या बाईला लावला की ५१ च्या जवळ येते. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो जुना आजार धरतात. छापील मर्यादेत वयाचा हिशेब नसतो.

आणि लघवी तपासली का? फाईल उघडली की रक्ताचे कागद पुष्कळ निघतात, लघवीतल्या अल्ब्युमिनचा, म्हणजे प्रथिनाचा, एकही नाही, हे मी रोज पाहतो आणि मला त्याची चीड येते. सकाळच्या लघवीतला एसीआर, म्हणजे अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी प्रमाण, ३० च्या वर असला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागल्या आहेत. शुगरच्या पेशंटमध्ये हे बहुधा क्रिएटिनिन चढण्याच्या कितीतरी आधी दिसते. ज्या शुगर-बीपीने त्या वाहिन्या खराब केल्या, ती हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांनाही सोडत नाही. डायलिसिसची वेळ येण्याआधीच हार्ट अटॅकने किंवा लकव्याने जाणारे पेशंट थोडेथोडके नाहीत. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, डॅपाग्लिफ्लोझिन ही औषधे याच टप्प्यावर उपयोगी पडतात. पण ती पोटॅशियम, क्रिएटिनिन पाहून डॉक्टरांनीच सुरू करायची. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणायची नाहीत. शुगर असेल तर एसीआर दरवर्षी करा.

'किडनी-हार्ट पॅकेज' सवलतीत आहे, होमोसिस्टीनसुद्धा आहे. करू का? (नवी पेठ)

त्यात एसीआर आहे का ते आधी वाचा. होमोसिस्टीन हा रक्तातला एक घटक, किडनी मंदावली की तो वाढतोच, आणि गोळ्यांनी तो उतरवून किडनीच्या पेशंटचे हार्ट अटॅक कमी झाल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. यादी लांब केली की पॅकेज विकले जाते, एवढेच. कोणत्या तपासण्या हव्यात ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लूमवर उभे राहून कंबर धरते. ईजीएफआर ४५ आहे. मेडिकलमधून दुखण्याची गोळी चालेल? (एमआयडीसी)

नाही. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद. पर्याय डॉक्टरांना विचारा.

वडील डायलिसिसवर आहेत, फॉस्फरस ६.८. शेंगाचटणी बंद करावी का? (बाळे)

आधी कोला आणि पाकीटबंद खाणे बंद करा. त्यात मिसळलेले फॉस्फेट जवळजवळ सगळे अंगात शोषले जाते, शेंगदाण्यातले त्या मानाने कमी. चटणीत पोटॅशियम आणि मीठही असते, म्हणून किती घ्यायची ते आहारतज्ज्ञ ठरवतील. फॉस्फरस चढलेले राहिले की ते कॅल्शियमबरोबर धमनीच्या भिंतीत साचते आणि धमनी कडक होते. फॉस्फरस अंगात शोषू न देणारी गोळी जेवताना घेतात का ते बघा. रात्री झोपताना घेऊन उपयोग नाही. पीटीएच, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारे हार्मोन, त्याबद्दलही विचारा.

क्रिएटिनिन ५.१. फिस्टुला करा म्हणतात. नातेवाइकांनी काढा सुचवलाय. गड्डा यात्रेनंतर बघू का? (मंगळवेढा)

नको. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी हातात शीर आणि धमनीचा केलेला जोड. तो वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. थांबलात तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काढा थांबवा, बाटली डॉक्टरांना दाखवा. फिस्टुला ज्या हाताला होणार, बहुधा डावा, त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका. याच आठवड्यात किडनीतज्ज्ञांना भेटा.