वाचकांचे प्रश्न : प्युरिटन वसाहतीची गोष्ट मुलांना वाचून दाखवताना

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा आहे. रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांना सतराव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या वसाहतीवरची एक इंग्रजी कादंबरी मोठ्याने वाचून दाखवते आणि अडेल तिथे मराठीत सांगते. आता गावातल्या एका विधवेवर चेटकीण असल्याचा आळ आला आहे आणि पुढे भर चौकात फटक्यांच्या शिक्षेचा प्रसंग आहे. सासूबाई म्हणतात, तेवढे गाळून टाक. मुलगा विचारतो, “ही माणसं वेडी होती का?” काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी आपल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू, कारण गाळावे की नाही याचा निकाल त्यातूनच लागतो. ही माणसे वेडी नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांचा मोठा ताफा १६३० मध्ये, म्हणजे शिवरायांच्या जन्मवर्षी, उतरला. १६३६ मध्ये त्यांनी हार्वर्डची स्थापना केली आणि १६४७ मध्ये पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा असा कायदा केला. त्या कायद्याचे कारण मात्र असे दिले होते, की माणसांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणे हा सैतानाचा डाव आहे. शाळा काढणारी आणि शेजारणीवर चेटकाचा आळ घेणारी माणसे एकच होती, हे मुलांना कळणे मला कादंबरीच्या कथानकापेक्षाही मोलाचे वाटते.

म्हणून आळाचा प्रसंग गाळू नये. तो वाचून झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चेटूक-खटल्यांची हकीकत थोडक्यात सांगावी : १६९२ मध्ये तिथे एकोणीस जणांना फाशी झाली आणि आरोपाला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याचा दगडांच्या वजनाखाली चिरडून अंत झाला. जिवंत कोणालाच जाळले नव्हते, जरी पुष्कळांची समजूत तशी असली तरी. पाच वर्षांनी खटल्यातील एक न्यायाधीश, सॅम्युअल सुअल, प्रार्थनागृहात सर्वांसमोर उभे राहिले आणि त्यांचा दोषाचा कबुलीजबाब तिथे वाचला गेला. हेही जरूर सांगावे. करणी आणि भानामती हे शब्द आपल्या मुलांच्या कानांवर पडलेले असणारच. महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये करावा लागला, एवढे सांगितले की ‘ती माणसं’ आणि ‘आपण’ यांतले अंतर बरेच कमी होईल.

दुसरी अडचण अशी, की स्वतः छळ सोसून आलेल्यांनी इतरांना का छळावे, हे मुलांना उमगत नाही. प्युरिटनांना हवे होते ते त्यांच्या मताप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य. सर्वांना मोकळीक द्यावी, असे त्यांनी कधी म्हटलेच नव्हते. मेरी डायर ही क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची स्त्री हद्दपारीचा हुकूम मोडून पुन्हा बोस्टनला आली म्हणून १ जून १६६० रोजी तिला फाशी दिले गेले. त्याच दिवसांत पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज गडावर तोफा डागत होते. पन्हाळा पाहिलेल्या मुलांना यावरून तो काळ चटकन जवळचा वाटेल.

सासूबाईंचे म्हणणे मी एका बाबतीत मान्य करीन. नऊ वर्षांच्या मुलापुढे फटक्यांचे वर्णन शब्दशः वाचण्याची गरज नाही. आदल्या रात्री तो भाग स्वतः वाचून ठेवावा आणि “इथे शिक्षेचे लांब वर्णन आहे, मी ते दोन वाक्यांत सांगते,” असे उघडपणे म्हणून पुढे जावे. गुपचूप पाने उलटू नयेत. मोठ्या मुलीच्या ते ध्यानात येईलच आणि मग ती एकटीच ते वाचेल.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच पानांची. अशा अनेक कादंबऱ्यांत मूळ रहिवासी रानातल्या सावल्यांसारखे येतात आणि त्यांचे वर्णन भ्यालेल्या वसाहतवाल्यांच्या नजरेतून होते. तिथे वाचन थांबवून हे बोलणारे पात्र कोण, असे मुलांना विचारावे. प्लिमथ ही त्या किनाऱ्यावरची आधीची इंग्रज वसाहत वसली ती मूळ रहिवाशांच्या पॅटक्सेट या गावाच्या जागी, आणि ते गाव काही वर्षांपूर्वीच्या साथीने ओस पडले होते. १६२० च्या हिवाळ्यात आलेल्यांपैकी निम्मे लोक दगावले. उरलेल्यांना मका लावायला शिकवणारा टिस्क्वांटम त्याच पॅटक्सेटचा होता. कादंबरीत हे नसेल, तर आपण वाचता वाचता सांगावे.