एक्सचा वाय, वायचा एक्स

प्रश्न: सर, सिम्पायमध्ये (पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली बीजगणिताची लायब्ररी) 'एक्स + २वाय' या राशीत एक्सच्या जागी वाय आणि वायच्या जागी एक्स, अशी यादी 'सब्स'ला (राशीत एकाच्या जागी दुसरं घालणारी आज्ञा) दिली. २एक्स + वाय यायला हवं, आलं ३एक्स! – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: यादीतले बदल एकामागून एक होतात. आधी एक्सचा वाय झाला, म्हणजे ३वाय. आता मूळचा वाय कुठला नि नवा कुठला, ओळखणार कसं? दुसऱ्या फेरीत सगळेच एक्स झाले. दोन पेल्यांतलं दूध-ताक अदलाबदल करायला तिसरा पेला लागतो ना, तसंच. 'सब्स'च्या कंसात यादीनंतर 'सायमल्टेनियस=ट्रू' जोडा, म्हणजे दोन्ही बदल एकदमच होतील.

मी तर सुरुवातीला 'एक्स = ५' लिहून आधीची राशी बदलायची वाट पाहत बसलो होतो! पायथॉनमधलं 'एक्स' हे नाव आता ५ दाखवतं, राशीतलं चिन्ह जुनंच राहतं. 'सब्स'ही मूळ राशीला हात लावत नाही. नवी देतं, ती साठवून ठेवा.