स्पॅनिशमधले ‘येवो त्रेस आन्योस आकी’ आणि ‘किन्से दिआस’ इंग्रजीत कसे सांगायचे?

पहिल्याचं शब्दशः भाषांतर ‘मी तीन वर्षं वाहतोय’ असं काहीतरी होतं, म्हणून ते सोडून द्या. इंग्रजीत म्हणायचं : ‘आय हॅव बीन हिअर फॉर थ्री इयर्स’. मराठीत आपण ‘तीन वर्षांपासून इथे राहतो’ असा वर्तमानकाळच वापरतो, स्पॅनिशमध्येही तसंच. त्यामुळे ‘आय ॲम हिअर’ पटकन तोंडात येतं, पण इंग्रजीला तिथे ‘हॅव बीन’च लागतं. किती काळ हे सांगताना ‘फॉर’, कधीपासून हे सांगताना ‘सिन्स’ : ‘देस्दे २०१९’ म्हणजे ‘सिन्स २०१९’. ‘आसे त्रेस आन्योस’ एकटंच आलं आणि क्रियापद भूतकाळी असलं, तर सरळ ‘थ्री इयर्स अगो’.

‘किन्से दिआस’ म्हणजे शब्दशः पंधरा दिवस, पण इंग्रजीत ‘टू वीक्स’. ‘ओचो दिआस’ म्हणजे ‘अ वीक’. आपणही आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतोच, तेव्हा हे मराठी माणसाला समजावायला नको.

खरी काळजी ‘बियोन’ या स्पॅनिश संख्येची घ्या. तो इंग्रजी ‘बिलियन’ नव्हे, ‘ट्रिलियन’ आहे. एकावर बारा शून्यं. इंग्रजी बिलियनला स्पॅनिशमध्ये ‘मिल मियोनेस’ म्हणतात. आर्थिक मजकुरात इथे चुकलात तर रक्कम हजारपटीने बदलते.