शहादा–तोरणमाळ घाटात दरवेळी गाडी लागते, उपाय काय?

ढवळतं पोटात, पण भांडण असतं कान आणि डोळ्यांचं. आतला कान वळण टिपतो. मोबाईलला चिकटलेले डोळे सांगतात, सगळं स्थिर आहे. मेंदू गोंधळतो. ड्रायव्हरला सहसा लागत नाही, कारण त्याला वळण आधीच दिसतं.

तेव्हा एसटीत मागच्या चाकावरची सीट सोडा, पुढे खिडकीशी बसा, नजर दूर सातपुड्याच्या कड्यावर ठेवा. शहाद्यात झणझणीत शेवभाजी चापून चढू नका. अगदी उपाशीही नको. आल्याचा तुकडा काहींना मानवतो. गोळी डॉक्टरांना विचारून, निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. गुंगी येते, म्हणून स्वतः गाडी चालवणार असाल तर नकोच.

आमची आई मात्र अजून लिंबू हुंगत बसते, पिशवी मांडीवर तयार!